छत्तीस इंचांना सहा सूत

धर्मराज शेठने घर घेतलं ते आमच्या डोक्यावर. म्हणजे खरोखरच डोक्यावर. आम्ही २०२, तो ३०२. बदलापूर वेस्टला सध्या जिथे म्हैस बसते तिथे पुढच्या वर्षी टॉवर उभा राहतो, घरांना काही तोटा नाही. तरी या माणसाला बेलवलीतली आमचीच चार मजली बिल्डिंग सापडली आणि तीत आमच्याच पंख्यावरची फरशी पसंत पडली. खाली कोण राहतं हे त्याला ठाऊक नव्हतं, असंही नाही. ताबा घ्यायला आला त्या दिवशी जिन्यात बाबा भेटले, तर उगीच नवल करत म्हणाला, "अरे महेंद्र, तू इथे असतोस? बरं झालं, ओळखीचं कोणीतरी आहे."

बाबा "हो शेठ" म्हणाले आणि भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. मी मागे दुधाची पिशवी घेऊन उभा होतो. तिथेच मी ठरवलं, या माणसावर सूड घ्यायचा. तसं ते सहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं, पण तेव्हा माझी बारावी होती.

धर्मराज शेठचं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, माशांच्या काचेच्या टाक्या बनवायचं दुकान आहे. बाबा तिथे बावीस वर्षं कारागीर होते. काच कापायची, कडा घासायच्या, सांध्यांत सिलिकॉन भरायचं, आणि या सगळ्याच्या आधी हिशोब करायचा. पाणी जितकं खोल तितका काचेवर दाब जास्त, दाब जितका जास्त तितकी काच जाड, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. पण किती खोलीला किती दाब आणि त्याला किती सूत काच, हे बाबांनी एका कागदावर मांडून ठेवलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हल्ली काच मिलिमीटरमध्ये विकतात, बाबा मात्र सुतातच बोलतात. घरात हे इतकं चालायचं, की डिप्लोमाला हायड्रॉलिक्सच्या पेपरात मी एका गणिताचं उत्तर सुतात लिहिलं आणि भोपळा घेऊन घरी आलो.

तक्ता साधा होता. निळ्या शाईत, बाबांच्या गोल अक्षरात. बारा इंच खोली, तळाला चौरस फुटामागे अठ्ठावीस किलो दाब, काच दोन सूत. चोवीस इंच, सत्तावन्न किलो, चार सूत. छत्तीस इंच, पंच्याऐंशी किलो, सहा सूत. शेवटची ओळ अठ्ठेचाळीस इंच, एकशे तेरा किलो, आणि काचेच्या रकान्यात लिहिलेलं: 'करू नये'.

हा तक्ता दुकानात काच कापायच्या टेबलावर, भिंतीला चिकटवलेला होता. कॅम्पातल्या इतर टाकीवाल्यांनी त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स नेल्या. टाकी वीतभर रुंद असो की इथून अंबरनाथपर्यंत लांब, दाब फक्त खोलीवर ठरतो, हे बाबा गिऱ्हाइकांना इतक्या तळमळीने समजावायचे, की काही गिऱ्हाइकं टाकी न घेताच निघून जायची.

सहा वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका लग्नाच्या हॉलची ऑर्डर आली. टाकी छत्तीस इंच खोल. बाबांनी सहा सूत सांगितलं. शेठकडे चार सुताची काच पडून होती. काच ती काच, असं म्हणून त्याने तीच लावायला लावली. टाकी दोन महिने गुमान उभी राहिली आणि एका लग्नात, जेवणं ऐन रंगात असताना, फुटली. कोणाला लागलं नाही. मासे पनीरच्या काउंटरपर्यंत पोचले, आणि व्हिडिओवाल्याने ते शेवटपर्यंत शूट केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात दहा-बारा दुकानदार गोळा झाले होते. सगळ्यांसमोर शेठने विचारलं, हिशोब कोणी केला होता? बाबांनी 'मी' म्हणून सांगितलं, कारण केला होता. शेठने कागद-पेन पुढे सरकवलं. म्हणाला, "लिही ना महेंद्र. हॉलवाल्याला दाखवायला. दोन दिवसांत फाडून टाकू."

बाबांनी लिहिलं: 'माझा हिशोब चुकला. महेंद्र.'

शेठने तो कागद लॅमिनेट केला आणि तक्त्याच्या शेजारी टांगला. महिन्याभरात बाबांना काढलं. कॅम्पात त्यांचं नाव 'टाकीफोड्या' पडलं आणि परत कोणी काचेला हात लावू दिला नाही. पण तक्ता तिथेच राहिला. शेजारी शेजारी, एकाच हातचे दोन कागद. एकावर दुकान चालायचं, दुसऱ्यावर शेठची अब्रू. बाबा आता अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहितात. सहा वर्षांत एकही नंबर चुकलेला नाही.

मला तो लॅमिनेट केलेला कागद भिंतीवरून खाली हवा होता. बाकी काही नको होतं. बरं, थोडं हवं होतं.

मग एका गुरुवारी शेठची स्वतःची टाकी आली. हॉलमध्ये ठेवायला, आठ फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. लिफ्ट बंद असल्यामुळे आठ माणसं ती जिन्याने वर नेत होती आणि दुसऱ्या मजल्यावर वळताना अडकली. अडकली ती नेमकी आमच्या दारासमोर. पाऊण तास आम्ही आमच्याच घरात कोंडलेले, आणि सेफ्टी डोअरच्या जाळीपलीकडे, नाकापासून वीतभर अंतरावर, काचेची कड. बाबांनी जाळीतून हात घालून कडेवर अंगठा ठेवला. डॉक्टर नाडी बघतो तसा.

"चार सूत," ते मला म्हणाले.

मी विचारलं, फुटेल का?

"दाब सांगता येतो. वेळ सांगता येत नाही."

मग त्यांनी जे केलं ते मी केलं नसतं. जिन्यात खाली उभ्या असलेल्या शेठला त्यांनी जाळीतूनच हाक मारली आणि काच बारीक आहे म्हणून सांगितलं. शेठ हसला. "हिशोब तू नको करूस महेंद्र. तुझ्या हिशोबाचा कागद लावलाय मी दुकानात." आठही हमाल हसले. खांद्यावर टाकी होती म्हणून बेताने हसले, पण हसले.

टाकी वर गेली. मी मोबाईलवर गणित केलं. काठोकाठ भरली तर अठराशे किलो पाणी, आमच्या सोफ्याच्या बरोबर वर. माझी पहिली योजना अशी होती, की काही बोलायचंच नाही. भरू दे, फुटू दे. पण आईने ती नामंजूर केली. आई पोस्टात आहे, कुठली वस्तू कुठे पडणार हे तिला आधी कळतं. सुडाला तिचा विरोध नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की सूड तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी दुसऱ्या मजल्यावर, हा कुठला सूड. तिने त्याच संध्याकाळी हॉलमधले बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा असे दोन्ही फोटो उतरवून स्वयंपाकघरात लावले आणि मला म्हणाली, आता डोकं वापर.

सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. वय चोवीस. गेल्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट का बंद आहे हे विचारायला मी उभा राहिलो, आणि उभा राहिलेला एकटाच असल्यामुळे निवडून आलो. लिफ्ट अजून बंद आहे. पण सेक्रेटरीकडे लेटरहेड असतं. त्यावर मी शेठला पत्र दिलं, की टाकीत पाणी भरण्यापूर्वी खोलीनुसार पाण्याचा दाब आणि काचेची जाडी यांचा हिशोब सहीशिक्क्यासह सादर करावा. तोवर नऊ इंचांवर पाणी भरू नये. नऊच का, तर नऊ इंचांत त्याला हवा होता तो मोठा मासा पोहू शकत नाही, फार तर रांगू शकतो.

शेठ पत्र फडफडवत खाली आला. "अरे सेक्रेटरी, तुझ्या बापाला जमलं नाही ते तू करणार?" मी म्हटलं, मी कुठे करतोय, तुम्हीच करून द्या. लेखी द्या, म्हणजे ठराव करून टाकू. लेखी हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा सैलावला. लेखी म्हणजे कागद, आणि कागद त्याच्या दुकानात भिंतीवर होताच.

शनिवारी कागद आला. शेठने दुकानातल्या भिंतीचाच मोबाईलवर फोटो काढला होता आणि स्टेशनबाहेर रंगीत प्रिंट मारून आणली होती. उजवीकडे तक्ता, वरून चौथ्या ओळीपर्यंत स्वच्छ. डावीकडे, ट्यूबलाइटच्या चकाकीसकट, लॅमिनेट केलेलं 'माझा हिशोब चुकला'. आणि खाली पेनाने: 'वरील हिशोब बरोबर आहे. धर्मराज.' वर दुकानाचा गोल शिक्का.

मी ते तीनदा वाचलं. तो एवढा मूर्ख नव्हता. पण तो तक्ता त्याच्या लेखी आता कोणी लिहिलेला नव्हताच. दुकानात पंखा असतो, ट्यूबलाइट असते, तसा तक्ता असतो. त्यातली आपल्याला लागते तेवढी ओळ बघायची, शेवटपर्यंत कोण वाचतो? आणि शेजारचा कागद तर त्याने सहा वर्षं दुसऱ्यांना दाखवला होता, स्वतः कधी पाहिलाच नव्हता.

मी प्रिंट बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली.

"फोटो वाकडा आलाय," ते म्हणाले. मग विचारलं, सभा किती वाजता आहे. मी सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच विचारलं.

सभा रविवारी सकाळी साडेदहाला, खाली पार्किंगमध्ये होती. शेठला ठरावाची इतकी खात्री होती, की त्याने मुहूर्त बघून साडेनऊलाच टाकीत पाइप सोडला आणि नळ चालू ठेवून खाली येतो म्हणाला. मासा एक वाजता येणार होता. त्याची बायको पूजेचं सामान आणायला गेली होती. आमच्या घरात छतातून पाण्याचा आवाज यायला लागला. बाबा थोडा वेळ घड्याळ धरून तो ऐकत बसले. दहाला पाच कमी असताना उठले आणि कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेले. त्यांना कपडे वाळत घालताना मी आजवर कधी पाहिलेलं नाही. बादलीतले कपडेही कोरडे दिसत होते. पण म्हटलं, टेन्शनमध्ये माणूस काहीही करतो.

इकडे आईने मला आणि ४०१ च्या कैलासला कामाला लावून सोफा खाली नेला. सभेला सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आणि मधोमध आमच्या मरून रंगाच्या सोफ्यावर आई. शेठने विचारलं, सोफा खाली कशाला?

"बसायला," आई म्हणाली.

अध्यक्ष मालिनी काकू, राहणार १०२, म्हणजे आमच्याही खाली. पहिले तीन विषय कचरा, लिफ्ट, लिफ्ट असे होते. चौथा टाकी. मी प्रिंट शेठच्याच हातात दिली आणि सभासदांच्या माहितीसाठी त्यांनीच वाचावी अशी विनंती केली. तो उभा राहिला, घसा साफ केला, बारा इंच वाचले, चोवीस वाचले, छत्तीसला सहा सूत वाचले. मग थांबला.

मी म्हटलं, पुढे.

शेजारी बसलेल्या कैलासने मान लांब करून वाचलं, "अठ्ठेचाळीस इंच, एकशे तेरा किलो, करू नये." आणि मग सरळ मनाने विचारलं, "मग तुम्ही का केली?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, डावीकडेही एक कागद आहे, तोही वाचावा लागेल, कारण त्याच्याही खाली शेठची सही आहे. तो मीच वाचला. मग सभेपुढे साधा मुद्दा ठेवला. दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातचे आहेत. शेठ म्हणतात हिशोब बरोबर. कागद म्हणतो हिशोब चुकला. शिक्का दोन्हीला एकच. तर अंबरनाथच्या हॉलमधल्या टाकीला या तक्त्याप्रमाणे किती सूत काच हवी होती, आणि किती घातली होती?

शेठ म्हणाला जुन्या गोष्टी कशाला, आणि टाकी तेव्हा किती खोल होती हे आता कोणाला आठवतंय.

"छत्तीस," मालिनी काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकूंच्या भाचीचंच लग्न होतं ते. टाकी फुटली तेव्हा त्या टाकीशेजारी फोटो काढून घेत होत्या. टाकी जमिनीवरच ठेवलेली, आणि तिच्यातलं पाणी बरोबर त्यांच्या कमरेपर्यंत, म्हणजे तीन फूट होतं. "माझी एक चप्पल गेली त्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसरी मी ठेवलीय. कधीतरी कळेल कोणाला मारायची म्हणून."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून बाबांचा आवाज आला. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"शेठ, नळ साडेनऊला सोडलात ना? तुमच्या टाकीला तीन मिनिटांना एक इंच. आता अठ्ठावीस झाले." मग तक्ता तोंडपाठ असलेल्या माणसाच्या आवाजात पुढे म्हणाले, "चार सुताला चोवीस."

मालिनी काकूंनी आपली खुर्ची फूटभर मागे घेतली, टाकी तीन मजले वर होती तरी. शेठ ताडकन उठला. मी त्याला सांगितलं, की चालू विषय संपल्याशिवाय संबंधित सभासदाला सभा सोडता येत नाही. असा काही नियम नाही. पण तो मी अशा आवाजात सांगितला, की कैलासनेही मान डोलावली.

"एकोणतीस," बाबा म्हणाले.

मी इतिवृत्ताची वही उघडून शेठपुढे धरली. वर पेन ठेवलं. शेठ म्हणाला, पोरा, मला वर जाऊ दे. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला कबूल केलं पाहिजे की तो मला फार छान दिसत होता.

"लिहा ना शेठ," मी म्हटलं. "दोन दिवसांत फाडून टाकू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबा घड्याळाकडे बघत होते.

"तीस."

त्याने लिहायला घेतलं. मी सांगत गेलो. 'अंबरनाथच्या टाकीला महेंद्रने सहा सूत काच सांगितली होती. मी चार सूत घातली. महेंद्रचा हिशोब बरोबर होता. धर्मराज.' मध्ये एकदा 'बरोबर' या शब्दाशी तो अडला, तेव्हा आईने सोफ्यावरून नुसता सुस्कारा टाकला आणि मागून आवाज आला, "एकतीस." तो शब्द लिहिला गेला. मी म्हटलं, शिक्का? शिक्का त्याच्या खिशात होता. तो तसा माणूस आहे, शिक्का घेऊनच फिरतो. मारला, आणि जिन्याकडे पळाला.

आम्ही वीस माणसं मान वर करून त्याच्या चपलांचा आवाज ऐकत होतो. पहिला मजला. दुसरा. तिसरा. दार. मग फुटण्याच्या आवाजाची वाट पाहिली. काकूंनी कानांवर हात ठेवले. काहीच झालं नाही. पाच मिनिटांनी शेठ एकेक पायरी उतरत खाली आला. बाह्या वर सारलेल्या, पण हात कोरडे.

"नऊ इंच आहे," तो म्हणाला. "नुसतं नऊ इंच. नळाला पाणीच नाही."

गच्चीवर प्रत्येक घराच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह आहे, त्यावर ऑइलपेंटने घरनंबर घातलेत. हे सगळ्यांना माहीत आहे. दहाला पाच कमी म्हणजे नळ सोडल्यापासून पंचवीस मिनिटं, गच्चीपर्यंत चढायला दोन, आणि तीन मिनिटांना एक म्हणजे बरोबर नऊ इंच, हे मला तेव्हा सुचलं. बावीस वर्षांत ज्याने खोटा आकडा तोंडातून काढला नव्हता, तो माणूस गेली दहा मिनिटं सगळ्या सभेसमोर एकामागून एक खोटे आकडे सांगत बसला होता, तेही तीन मिनिटांना एक न चुकता.

बाबांनी घड्याळावरची नजर काढली.

"माझा हिशोब चुकला, शेठ," ते म्हणाले.

सोमवारी मी रजा टाकून कॅम्प चारला गेलो. वहीतल्या पानाच्या चाळीस झेरॉक्स नेल्या होत्या, कारण तिथे टाकीवाले साधारण तेवढे आहेत. शेठच्या दुकानात सगळ्यात शेवटी गेलो. त्याने लॅमिनेट केलेला कागद स्वतःच भिंतीवरून काढला आणि माझ्यासमोर फाडायला गेला. लॅमिनेशन फाटत नाही. त्याने दुमडून पाहिला, गुडघ्यावर ठेवून ओढून पाहिला, एकदा दातही लावला. शेवटी मी म्हटलं, राहू दे, द्या इकडे. बाबा तो आता कंपनीच्या गेटवर रजिस्टरवर उलटा ठेवतात, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. चांगला जाड आहे.

वही मात्र फाडली नाही. सोसायटीची आहे, मी कोण फाडणारा.

टाकीला आम्ही नऊ इंचांची परवानगी दिली. ती दर महिन्याला नवी करून घ्यावी लागते, त्यामुळे सभा दर महिन्याला होते आणि शेठला यावंच लागतं. आठ फुटी टाकीच्या तळाशी त्याने बोटाएवढे गप्पी मासे सोडलेत, ते एकमेकांपासून इतके लांब असतात की हाक मारावी लागेल. सोफा पार्किंगमध्येच आहे. प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळीकडे 'वाचले असे समजावे' म्हणून पुढे जातात. शेठही दर वेळी तसं सुचवतो. मी म्हणतो समजावं कशाला, वाचतो ना. आणि वाचतो, सहा सुतापासून शिक्क्यापर्यंत. मग ते वाचलं गेलं याची नोंद, मजकुरासकट, या सभेच्या इतिवृत्तात करतो, म्हणजे पुढच्या वेळी ते दोनदा वाचावं लागतं. सध्या आम्ही पाचवर आहोत. काकू थर्मासमधून चहा आणतात.

वाचून झालं की मंजुरीसाठी हात वर करायचे असतात. शेठही करतो, सगळ्यांत शेवटी. बाबा सोफ्यावरून उठून हात मोजतात. अजून एकदाही चुकलेले नाहीत.